लोहाची गोळी: डब्यातून निघून अंगी लागेपर्यंत

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. चकल्या भरायला रिकामा डबा शोधत होते, म्हणून फ्रीजवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत लाल गोळ्यांची पाकिटं. मोजली. १४ अख्खी आणि पंधराव्यातल्या दोनच गोळ्या काढलेल्या. गरोदरपणात उपकेंद्रातून वहिनीला मिळालेल्या या लोहाच्या गोळ्या, आणि बाळ तेव्हा ८ महिन्यांचं झालं होतं. "अगं, या घेतल्याच नाहीस?" मी विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "ताई, दोन घेतल्या आणि शी काळी कुळकुळीत झाली. मला वाटलं आत काहीतरी बिघडतंय. कुणाला विचारणार?"

भाऊबीज झाल्यावर तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.६.

आपल्याकडे लोहाच्या गोळ्या वाटण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७. गोळी घरापर्यंत येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढचा प्रवास, म्हणजे डब्यातून तोंडात आणि तोंडातून रक्तात, तिथे कुणी सोबत नसतं. वहिनीबरोबर गेले काही महिने जे केलं आणि जे डॉक्टरांकडून, आशाताईंकडून शिकले, ते सगळं क्रमानं लिहिते.

आधी तपासणी, आणि तीही पुरती

थकवा हे लक्षण बायका मोजतच नाहीत. घरात लहान मूल आहे म्हटल्यावर थकायचंच, असं धरून चालतात. म्हणून नेमकं विचारावं लागतं. जिना चढताना दम लागतो का? उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते का? छातीत धडधडतं का? रात्री पाय ओढतात का, केस गळतात का, तोंडाचे कोपरे चिरतात का? आणि एक प्रश्न हमखास विचारावा, कारण आपणहून कुणी सांगत नाही: कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, माती किंवा बर्फ खावासा वाटतो का? डोहाळे म्हणून किंवा वाईट खोड म्हणून आपण हे सोडून देतो. प्रत्यक्षात हे लोह कमी झाल्याचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. वहिनी तांदूळ निवडताना मूठभर तांदूळ चघळायची. आईनं तिला कितीदा तरी टोकलं होतं.

आकडे असे: गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, गरोदर असेल तर ११ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली. गरोदर नसलेल्या बाईत ८ च्या खाली आणि गरोदर बाईत ७ च्या खाली गेलं तर तो तीव्र. तिथे घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

शिबिरात बोटाच्या थेंबावर पाहिलेला आकडा इशारा म्हणून चांगला, पण उपचार ठरवायला शिरेतलं रक्त देऊन सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची पूर्ण मोजणी, करून घ्या. ही तपासणी सरकारी रुग्णालयातही होते. अहवाल हातात आला की नुसतं हिमोग्लोबिन बघून घडी घालू नका. त्यात एमसीव्ही नावाची ओळ असते. तांबड्या पेशीचं आकारमान तिच्यातून कळतं. साधारण ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत आणि बहुतेक वेळा लोहाची कमतरता निघते. १०० च्या वर असेल तर पेशी मोठ्या आहेत, आणि मग बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडकडे बघावं लागतं. बी-१२ मुख्यतः दूध, दही, अंडी, मासे, मटणातून मिळतं. घर शाकाहारी असेल आणि दूधदुभतंही बेताचंच असेल, तर हातापायांना मुंग्या येणं, विसरायला होणं, जीभ लालसर गुळगुळीत होणं याकडे काणाडोळा करू नका. नुसतं फॉलिक ॲसिड घेतल्यानं रक्ताचा आकडा सुधारू शकतो, पण बी-१२ अभावी नसांचं होणारं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

परवडत असेल तर फेरिटिनही करून घ्या. अंगातला लोहाचा साठा त्यात कळतो. हिमोग्लोबिन हे रोजच्या खर्चाचं पाकीट म्हटलं, तर फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. पाकीट भरलेलं दिसतं तेव्हाही शिल्लक संपत आलेली असू शकते. १५ च्या खाली असेल तर साठा संपला असं समजतात. मात्र ताप, जंतुसंसर्ग, सूज असताना फेरिटिन फुगलेलं येतं, म्हणून आजारपणात केलेल्या तपासणीवर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. गोळ्या नीट घेऊनही एमसीव्ही कमीच राहत असेल आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर असेल, तर थॅलेसेमिया या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं वाहकत्व असू शकतं, म्हणजे स्वतःला आजार नाही पण मुलांकडे तो जाऊ शकतो. सिंधी, पंजाबी, गुजराती घरांत ते जास्त आढळतं, पण आडनावावरून ते टाळता येत नाही. सिकलसेल हा तसाच आनुवंशिक रक्ताचा आजार विदर्भात, गडचिरोली-चंद्रपुराकडे आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत बराच आहे. त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ च्या जुलैमध्ये सुरू झालं. दोन्ही ओळखण्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी असते. लग्न ठरताना, निदान पहिल्या गरोदरपणाच्या सुरुवातीला ती व्हावी. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका बघायला आपण वेळ काढतो, हाही कागद त्याच वेळी बघून घ्यावा.

रक्त जातंय कुठे?

भोक बुजवल्याशिवाय हंडा भरत नाही. साधारण २ मिलिलिटर रक्ताबरोबर १ मिलिग्रॅम लोह अंगातून जातं. पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं तर ते जास्त समजतात. घरी मोजमाप कुणी करत नाही, म्हणून खुणा बघायच्या: तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजतं, रात्री उठून बदलावं लागतं, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात, पाळी ७ दिवसांच्या पुढे जाते. "माझ्या आईचंही असंच होतं" म्हणून अंगावर काढू नका. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड, चाळिशीनंतरचे संप्रेरकांचे बदल, रक्त गोठण्याचा जन्मजात दोष अशी कितीतरी कारणं त्यामागे असतात, आणि बहुतेकांवर उपचार आहेत.

वहिनीच्या बाबतीत कारण समोरच होतं, पण कुणी जोडलं नव्हतं. बाळंतपणानंतर तिनं तांबी बसवून घेतली होती आणि पाळी पुन्हा सुरू झाल्यावर अंगावरून जास्त जायला लागलं होतं. तांबीनं काहींना असं होतं, विशेषतः पहिले काही महिने. तांबी वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. ज्यांचं रक्त आधीच कमी आहे त्यांनी डॉक्टरांना ते सांगावं, एवढंच. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात, संततिनियमनाचे दुसरे मार्गही असतात.

शेतात, परसात अनवाणी वावर असेल तर आकडीकृमींचा विचार करायला हवा. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. शाळेत आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, ती १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी असते. मोठ्यांनी ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. गरोदर बाईला ती पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत.

पाळी गेलेल्या बाईला किंवा कुठल्याही पुरुषाला लोहाची कमतरता निघाली, तर तिथे गोळ्यांवर भागवू नका. मूळव्याध, सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात झालेला व्रण किंवा आतड्यातली गाठ, कुठून तरी रक्त झिरपत असतं. ते शोधावंच लागतं.

गोळी घ्यायची कशी

इथेच सगळं अडतं, म्हणून इथे जरा थांबते.

कोणती गोळी आणि किती, हे आधी समजून घ्या. सरकारी कार्यक्रमात रंगांवरून ओळख आहे. लहान बाळांना सरबतासारखं औषध, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी, आणि मोठ्या बायकांना लाल. निळ्या आणि लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. मुलींना आणि गरोदर नसलेल्या बायकांना ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आणि ती कमतरता होऊ नये म्हणून. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एकदा रक्तक्षय झाला की मात्र उपचाराचा डोस वेगळा असतो. आठवड्याच्या एका गोळीनं ८.६ चं १२ होत नाही. ही गल्लत फार घरांत होते.

औषधाच्या दुकानातून आणणार असाल तर पाकिटावर "एलिमेंटल आयर्न" किती ते वाचा. फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण त्यात प्रत्यक्ष लोह साधारण ६०-६५ मिलिग्रॅम असतं. महाग गोळीत लोह जास्त असतंच असं नाही, आणि फुकट मिळणारी लाल गोळी कमअस्सल तर मुळीच नाही.

गोळी रिकाम्या पोटी उत्तम लागू पडते: जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. पाण्याबरोबर घ्या, लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर छानच. क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी विकत घ्यायची गरज नाही. चहा, कॉफी, दूध, ताक यांच्याबरोबर ती कधीच घेऊ नये. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून आत जाऊ देत नाहीत. दूध-ताकातलं कॅल्शियमही आडवं येतं. आपल्याकडे सकाळची औषधं चहाच्या घोटाबरोबर घ्यायची सवय घराघरांत आहे. त्या एका घोटानं गोळीतलं बरंचसं लोह वाया जातं.

इतर गोळ्यांशीही हिचं जमत नाही. कॅल्शियम आणि लोह यांत निदान दोन तासांचं अंतर हवं. गरोदरपणात दोन्ही देतात आणि बहुतेक जणी "एकदाच काय ते" म्हणून एकत्र गिळतात. थायरॉइडची गोळी आणि लोह यांत चार तास हवेत, नाहीतर थायरॉइडची गोळी वाया जाते. पित्ताच्या गोळ्या रोज चालू असतील तर लोह कमी लागू पडतं. काही प्रतिजैविकांचंही तसंच. डॉक्टरकडे जाताना घरात चालू असलेली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, तोंडी यादीत काहीतरी राहतंच.

वहिनीसाठी आम्ही असं बसवलं: कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर. संध्याकाळचा चहा पाचला. रात्रीचं जेवण आठला, आणि बाळाला झोपवून दहाच्या सुमारास पाण्याबरोबर लोहाची गोळी. भावानं भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज खूण करायची, गोळी आणि पेला त्यानंच आणून द्यायचा. तिला आठवण राहत नाही असं नव्हे. दिवसभर सगळ्यांचं आठवणीनं करून झाल्यावर स्वतःचं एक काम दुसऱ्या कुणीतरी आठवावं, याची तिला गरज होती.

आता त्या काळ्या शीबद्दल. गोळीतलं जे लोह आत शोषलं जात नाही ते शौचावाटे जातं, आणि त्यामुळे रंग काळा किंवा काळपट हिरवा होतो. त्यात घाबरण्यासारखं काहीही नाही. गोळी देणाऱ्यानं हे एक वाक्य सांगितलं असतं, तर वहिनीच्या १४८ गोळ्या डब्यात राहिल्या नसत्या. घाबरायचं ते वेगळ्या शीला: डांबरासारखी चिकट, चकाकणारी, उग्र वास येणारी शी आणि सोबत चक्कर किंवा पोटदुखी असेल, तर ते पोटातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. तेव्हा सरळ दवाखाना गाठा.

मळमळ, तोंडाला धातूची चव, पोट गच्च होणं हेही होतं, आणि गोळी सोडून देण्याचं खरं कारण बहुधा हेच असतं. सोडण्याआधी या गोष्टी करून बघा. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर जेवणानंतर लगेच घ्या. थोडं कमी लागू पडेल, पण न घेण्यापेक्षा कितीतरी बरं. झोपताना घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. पोट साफ होत नसेल तर पाणी वाढवा, पालेभाजी, पेरू, रात्री भिजवलेले मनुके किंवा अंजीर खा, आणि तरी नाही झालं तर डॉक्टरांकडून औषध घ्या. तरीही जमत नसेल तर लोहाचा दुसरा क्षार बदलून मिळतो.

एक दिवसाआड गोळी घेतली तर काय? स्वित्झर्लंडमध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की एक डोस घेतल्यावर यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवसाच्या गोळीतलं लोह आतडं कमी घेतं. एक दिवस मध्ये सोडला की प्रत्येक गोळीतलं लोह जास्त लागू पडतं आणि पोटाचा त्रासही कमी होतो. बरेच डॉक्टर आता सौम्य कमतरतेत असं सुचवतात. गरोदर बाईनं मात्र आपल्या मनानं हा बदल करू नये. तिच्याकडे वेळ मोजका असतो, तिनं रोजचीच घ्यावी.

आणि काहींना गोळ्या पुरतच नाहीत. गरोदरपणाचे दिवस भरत आले आणि आकडा खालीच आहे, गोळी अजिबात सोसत नाही, किंवा रक्तक्षय तीव्र आहे, अशांना शिरेतून लोह देतात. बायका या सलाइनला घाबरतात. रुग्णालयात, देखरेखीखाली दिलेलं असलं की घाबरू नये. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, पायांवर सूज असेल तर तारखेची वाट न बघता रुग्णालय गाठा.

ताटात काय, आणि ताटाबरोबर काय

भारतीय आहारशास्त्राच्या २०२० च्या शिफारशींनुसार बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. म्हणजे बाईला पुरुषाच्या दीडपट. आणि आपल्याकडे सगळ्यांना वाढून झाल्यावर, भाजी संपत आली की ती जेवायला बसते. रक्तक्षयावरचा कुठलाही लेख हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊच नये असं मला वाटतं. माहेरी आता एक नियम आहे: ताटं सगळ्यांची एकदम वाढायची, आणि आई-वहिनी त्याच पंगतीला बसायच्या.

शाकाहारी जेवणातल्या लोहाचा दहावा हिस्साही एरवी अंगी लागत नाही. तो वाढवायच्या युक्त्या मात्र आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. मोड आणले की कडधान्यातलं लोह अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं. आंबवल्यानंही तसंच होतं. उसळीवर लिंबू पिळणं हे नुसतं चवीपुरतं नाही. पेरूच्या फोडी, कच्चा टोमॅटो, कोबीची कोशिंबीर, आवळा, सगळे हेच काम करतात, अट इतकीच की ते त्याच जेवणात हवेत, चार वाजता नव्हे.

हिशेब करून बघा. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, तांदळात १ सुद्धा नाही. दोन बाजरीच्या भाकऱ्या म्हणजे ६-७ मिलिग्रॅम. त्याबरोबर मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, वर लिंबू, बाजूला राजगिऱ्याची किंवा माठाची भाजी, आणि जेवल्यावर एक पेरू. यात महाग असं काहीच नाही. मांसाहारी असाल तर मटण, मासे, सुकट-जवळा यांतलं लोह सहज शोषलं जातं, आणि त्याच ताटातल्या भाजीतलं लोहही ते ओढून आणतात. कलेजीत लोह भरपूर असतं, पण गरोदर बाईनं कलेजी टाळावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर असतं.

मग बीट आणि डाळिंब? रंग लाल म्हणून रक्त वाढतं ही समजूत फार खोल गेली आहे. दोन्हींत १०० ग्रॅममागे १ मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. खा, चांगलीच फळं-भाज्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नका. गुळाच्या खड्यातून मिळतं ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. बाळंतिणीला अळिवाचे लाडू द्यावेत, त्यात लोह खरंच आहे. तरी लाडवांनी ८.६ चं १२ होत नाही, ते काम औषधाचंच.

चहा सोडा असं मी कुणाला सांगत नाही, कारण कुणी सोडत नाही. जेवण आणि चहा यांत निदान एक तास ठेवा. चहा-पोळीची न्याहारी असेल तर आधी चहा घेऊन टाका आणि पोळी तासाभरानं भाजीबरोबर खा. वहिनीच्या घरात हा बदल सगळ्यांत अवघड गेला.

लोखंडी कढई आणि तवा वापरा. त्यात टोमॅटो, चिंच, आमसूल घातलेली आंबट भाजी शिजवली की लोह उतरतं. शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत वेगळे दिसणारे काही दाणे आलेले तुम्ही पाहिले असतील. ते प्लॅस्टिकचे नाहीत. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून केलेले ते तांदळाचेच दाणे आहेत. निवडून फेकू नका. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्यांनी मात्र असा तांदूळ खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

टॉनिकं आणि पावडरी

टॉनिकच्या बाटलीवर मागच्या बाजूला एका चमच्यात किती लोह आहे ते वाचा. कितीतरी बाटल्यांत ते उपचाराला पुरेल इतकं नसतं, आणि पैसे जातात. पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक असेल तर ते पूरक अन्न म्हणून विकलं जातंय, औषध म्हणून नव्हे. केसांसाठीची, त्वचेसाठीची, "महिलांसाठी खास" अशी चार वेगवेगळी पूरकं एकाच वेळी घेतली तर लोह, कॅल्शियम, जस्त एकमेकांच्या वाटेत येतात. आणि लोह कमी नसताना "ताकद येते" म्हणून महिनोन्महिने ते घेणंही चूक. नको असलेलं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात, हृदयात साठतं.

बाळाचं काय

आईच्या दुधावरच्या बाळाला सहा महिन्यांनंतर जन्मतःचा लोहाचा साठा पुरत नाही. वरचं अन्न तेव्हापासून सुरू व्हायलाच हवं: घट्ट डाळ, नाचणी, अंडं चालत असेल तर अंडं, आणि अंगणवाडीतून मिळणारं लोहाचं औषध. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध हे मुख्य अन्न करू नका. वर्षानंतरही दिवसभर बाटलीनं दूध पिणारं मूल वरून गुटगुटीत दिसतं आणि रक्त मात्र कमी निघतं. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीची निळी गोळी शाळेतून मिळते. ती दप्तराच्या कप्प्यात तर पडून नाही ना, अधूनमधून बघा.

पुन्हा तपासणी

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा बघा. निदान १ ग्रॅमनं वाढायला हवं. वहिनीचं ८.६ वरून १०.१ झालं. वाढत नसेल तर गोळी खरंच घेतली जातेय का, चहाबरोबर जातेय का, रक्त अजून जातंय का, बी-१२ कमी आहे का, हे याच क्रमानं तपासा. आणि आकडा १२ वर गेला की गोळी बंद करू नका. पाकीट भरलं, शिल्लक अजून भरायची आहे. त्यापुढे आणखी साधारण तीन महिने गोळी चालू ठेवतात, डॉक्टर सांगतील तोवर. बरं वाटू लागलं की गोळ्या सोडायच्या आणि वर्षभरात पुन्हा तिथेच यायचं, हे फार जणींचं होतं.

राहिला तो डबा. दिवाळीत मला गोळ्यांची संख्या बघून वाईट वाटलं होतं. रात्री झोपताना दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि मी उठून बसले. लाल, गोड वेष्टनाच्या, गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या १४८ गोळ्या, आणि त्याही बिस्किटांच्या डब्यात. घरात नुकतं रांगायला लागलेलं बाळ. १० किलोच्या मुलानं ६० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या खाल्ल्या तर जिवाला धोका होऊ शकतो. आधी उलट्या, जुलाब होतात, मग काही तास मूल बरं झाल्यासारखं वाटतं, आणि त्यानंतर अचानक ढासळतं. ते मधले तास फसवे असतात. मुलानं लोहाच्या गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, दूध पाजत थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या रुग्णालयात न्या, आणि उरलेलं पाकीट सोबत घ्या, म्हणजे किती खाल्ल्या ते डॉक्टरांना कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुनी पाकिटं आशाताईंकडे परत दिली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नव्या गोळ्या आता भावाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, कुलपाआड असतात. रात्री दहाला तो एकच गोळी काढतो आणि पाण्याच्या पेल्याबरोबर आणून देतो.